माळ्यावरची राधा

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा ताईचा फोन आला, "ब्लॉगला कुलूप लावलंस की काय?" ब्लॉगला नाही, पण घराला लावायची वेळ आलीय खरी. आमची कोपरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि गेले दोन महिने मी माळे उपसतेय. लग्न होऊन इथे आले तेव्हा मागच्या खिडकीतून गवत आणि त्यापलीकडे खाडीची ओल दिसायची. आता समोरच्यांचा टीव्ही दिसतो. एक मात्र बदललं नाही. मेन लाइनच्या डोक्यावरून दिवा-वसईची गाडी जाते, ती अजून जाते. माझा मुलगा लहानपणी खिडकीत उभा राहून मालगाडीचे डबे मोजायचा. आधी एक, दोन, तीन असे. सीनियर केजीनंतर वन, टू, थ्री.

तर माळ्यावर पुस्तकांचे दोन गठ्ठे निघाले. एक मुलाचा. त्यात इंग्रजी चित्रांची पुस्तकं, एनिड ब्लायटन, एक अर्धा फाटलेला ॲटलास आणि तळाशी चार-पाच चांदोबा (तेही खरं तर मी माझ्यासाठीच आणलेले). दुसरा गठ्ठा नीट कागदात बांधलेला, वर सुतळी. सोडला तर आत 'राधाचं घर', 'यश', 'चित्रवाचन' आणि 'वाचू आनंदे'चे चारही भाग. सगळी माधुरी पुरंदरे यांची. आणि मग आठवलं, ही पुस्तकं मी घेतली तेव्हा घरात लहान मूल नव्हतंच! होता तो मिसरूड फुटलेला, दार लावून अभ्यास करणारा मुलगा. 'राधाचं घर' हे तीन-चार वर्षांच्या पोरांचं पुस्तक. ते मी कुणासाठी घेतलं होतं?

सामान बांधायचं सोडून त्या दुपारी मी जमिनीवर फतकल मारून सगळी पुस्तकं पुन्हा वाचली. ह्यांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि चहा स्वतःच केला. तेव्हापासून या बाईंबद्दल लिहायचं मनात होतं.

माधुरी पुरंदरे १९५२ साली पुण्यात जन्मल्या. वडील बाबासाहेब पुरंदरे. त्यांचं नाव मराठी घरात कुणाला सांगायला नको. आई निर्मलाताई. त्यांचं नाव मात्र सांगावं लागतं, आणि मला विचाराल तर या गोष्टीत आईच जास्त महत्त्वाची आहे. निर्मलाताईंनी १९८१ साली 'वनस्थळी' ही संस्था सुरू केली. खेड्यापाड्यांतल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना बालवाडी चालवायचं शिक्षण द्यायचं आणि त्यांच्याच गावात त्यांना बालवाडी काढायला लावायची, असं ते काम. तुमच्याआमच्यासारखीच एक बाई, कमरेला पदर खोचून वीस पोरांपुढे उभी राहिलीय आणि हातात एकही धड पुस्तक नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. माधुरीताईंनी या संस्थेच्या नियतकालिकाचं संपादन केलं, तिच्या कामात वर्षानुवर्षं राहिल्या. त्यांच्या पुस्तकांतलं मूल हे दिवाणखान्यात बसून कल्पनेनं काढलेलं वाटत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

पण तिथवर यायला त्यांनी घेतलेली वाट मोठी गमतीची आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला. मग पॅरिसला जाऊन कलेचं पुढचं शिक्षण. परत आल्यावर पुण्याच्या अलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकवणं. मध्येच नाटक आणि गाणं. पु. लं.नी ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं, ते १९७८ साली थिएटर ॲकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणलं, त्यात त्या गायल्या, नाचल्या, बोलल्या. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना त्या 'त्या आवाजाच्या माधुरी पुरंदरे' म्हणूनच ठाऊक होत्या. शिवाय अनुवाद. व्हॅन गॉगच्या आयुष्यावरच्या आयर्विंग स्टोनच्या 'लस्ट फॉर लाइफ'चा मराठी अनुवाद त्यांचा, पिकासोचं मराठी चरित्रही त्यांचंच.

आता इतकं सगळं येणाऱ्या बाईनं शेवटी बसून काय काढावं? तर एक घर. त्यात आई, बाबा, आजी, आजोबा आणि एक राधा.

याच ठिकाणी मला त्या मोठ्या वाटतात. वडिलांनी 'राजा शिवछत्रपती' लिहिलं, १९८५ पासून 'जाणता राजा' उभं केलं. हत्ती, घोडे, उंट, शेकडो माणसं, किल्ल्याएवढं नेपथ्य. (डोंबिवलीकरांनी मैदानात सतरंजीवर बसून असे भव्य प्रयोग पाहिलेत, मीही त्यातलीच. अंगावर काटा यायचा.) आणि लेकीनं आयुष्यभर काय पाहिलं तर स्वयंपाकघरात, अंगणात, जिन्यात घुटमळणारं एक पोर. हे वडिलांविरुद्धचं बंड होतं असं मला सुचवायचं नाही, उगाच कुणी तसं वाचू नका. पण आपल्याकडे मुलाला काही द्यायचं म्हटलं की थोर माणूस द्यायचा, पराक्रम द्यायचा. त्याला त्याचंच घर द्यावं, हे फार उशिरा सुचलं.

जरा मागे जाऊन पाहू. मराठीत मुलांसाठी छापलेलं पहिलं पुस्तक म्हणून 'बालबोध मुक्तावली'चं नाव घेतात. १८०६ साल, आणि गाव पुणे-मुंबई नव्हे, तर तंजावर. सरफोजीराजांनी इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या होत्या. म्हणजे आपलं बालसाहित्य सुरू झालं तेच तात्पर्यानं! पुढे विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक १८८१ मध्ये निघालं, वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६ मध्ये. ही माणसं तळमळीची होती, त्यांनी किती खस्ता खाल्ल्या असतील ते तेच जाणोत. पण मुलाकडे पाहायची नजर बहुतेक वेळा गुरुजींची. घडवायचं आहे, वळण लावायचं आहे. मग साने गुरुजी आले, त्यांनी रडवलं. भा. रा. भागवत आले, त्यांनी फास्टर फेणेला सायकलवर बसवून आमची दुपारची झोप उडवली. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीचं 'किशोर' सुरू झालं, आणि मोठमोठे लेखक, चित्रकार मुलांसाठी एकाच ठिकाणी भेटायला लागले. 'किशोर'चे जुने अंक आता बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत, अजून पाहिले नसतील तर पाहाच. माझी एक अख्खी सुट्टी त्यात गेली.

पण एक गोष्ट तेव्हा लक्षात यायची नाही, ती आता येते. माझ्या लहानपणच्या बहुतेक पुस्तकांत चित्र म्हणजे जेवणातलं लोणचं. ताटात डावीकडे, असलं तर बरं. लेखक गोष्ट लिहून मोकळा व्हायचा, मग प्रकाशक कुणा चित्रकाराला गाठायचा, आणि तो पाच-सहा काळ्या रेघांची चित्रं करून द्यायचा. त्याचं नाव कुठेतरी बारीक अक्षरात, कधी तेही नाही. आत रंग परवडायचा नाही, रंग फक्त मुखपृष्ठावर. तेव्हा भरपूर रंगीत आणि तरी स्वस्त अशी पुस्तकं मिळायची ती एकाच ठिकाणी, लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात. मॉस्कोत छापलेली आणि चक्क मराठीत! रशियातली बर्फातली लाकडी घरं, फर टोप्या घातलेली पोरं, जाडजूड आज्या. मला तर आमच्या आजीपेक्षा ती रशियन आजी चित्रात जास्त ओळखीची होती, कारण आमची आजी कुठल्या पुस्तकात कुणी काढलेलीच नव्हती. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये मोडलं आणि तो झराही आटला.

नेमकं त्याच सुमाराचं आमचं घर सांगते. मुलाला शाळेत घालायची वेळ आली. मराठी शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. आम्ही रिक्षा लावून दूरच्या इंग्रजी शाळेत घातलं. तेव्हा डोंबिवलीत आमच्यासारख्या सगळ्यांच्याच घरी हा एक विषय होता, आणि सगळ्यांचं उत्तरही एकच. "घरी आहेच की मराठी!" हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल. घरी मराठी होतंच, पण ते 'जेवायला ये', 'अभ्यास कर', 'पंखा बंद कर' एवढंच. मी संध्याकाळी सहा चाळीसच्या लोकलला लोंबकळून यायची, त्यानंतर गोष्ट कुठली सांगणार? आणि वाचून दाखवायला मनासारखं पुस्तक मिळेना, हेही खरं. इंग्रजी पुस्तकात पान उलटलं की रंगांचा पाऊस. मराठी पुस्तकात करडा कागद, राजाराणी आणि शेवटी जाड ठशात तात्पर्य. चार वर्षांच्या पोरानं कुठलं उचललं असतं? दोष त्याचा नव्हता. पूर्ण माझाही नव्हता म्हणा.. पण असो.

पुढे केव्हातरी दादरला एका दुकानात 'राधाचं घर' हातात आलं. उभ्याउभ्याच वाचून काढलं. त्यात काही घडत नाही. राक्षस नाही, परी नाही, हरवणं-सापडणं नाही. एक मुलगी आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते, एवढंच. वाक्यं छोटी, पण बोबडी नाहीत. मोठी माणसं मुलांशी बोलताना आवाज बारीक करतात ना, तसलं काही नाही. आणि चित्रं! गालांवर गुलाबी गोळे असलेली, कॅलेंडरातली गोरीगोमटी बाळं नव्हेत. मुलं जशी बसतात तशी बसलेली, जसा कंटाळा करतात तसा करणारी. शब्द आणि चित्र एकाच हाताचे असले की काय होतं ते तेव्हा कळलं. जे चित्रात दिसतंय ते वाक्य पुन्हा सांगत बसत नाही, आणि जे वाक्यात आहे त्याची चित्र नुसती री ओढत नाही. दोघांत थोडी मोकळी जागा राहते. त्या जागेत मूल बोलतं. "आजी अशी का बसलीये?" "हे कुणाचं?" लोणचं ताटातून उठून पोळी-भाजीच्या शेजारी येऊन बसलं म्हणायचं!

'चित्रवाचन'मध्ये तर त्यांनी शब्दच काढून टाकले. नुसती चित्रं, आणि ती वाचायची. मला वाटतं बालवाडीची बाई त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. ज्या मुलाला अक्षर येत नाही ते चित्र वाचतं, बोलतं, भांडतं, आणि अक्षर यायच्या आधी भाषा येते. आपण उलटं करतो. आधी अ अननसाचा घोटून घेतो, आणि मग मूल बोलत का नाही म्हणून काळजी करतो. कोपरमध्ये अननस कितीसा दिसतो, सांगा!

'वाचू आनंदे' हा त्यांचा मोठा उद्योग. बालगटाचे दोन भाग, कुमारगटाचे दोन, ज्योत्स्ना प्रकाशनाचे. मराठीतल्या जुन्या-नव्या लेखनातले वेचे घेतले, आणि त्यांच्या शेजारी भारतीय चित्रपरंपरेतली चित्रं ठेवली. म्हणजे मूल उतारा वाचतं तेव्हा नकळत चित्रं पाहायलाही शिकतं. जे. जे.ची विद्यार्थिनी, फ्रेंचची शिक्षिका आणि वनस्थळीची कार्यकर्ती या तिघी इथे एकत्र काम करताना मला दिसतात. उताऱ्यांबरोबर प्रश्न आहेत, खेळ आहेत, पण मार्क नाहीत. नंतर 'लिहावे नेटके' आलं, ते मराठी लिहायचं कसं ते शिकवणारं. ते मुलांसाठी आहे म्हणतात, पण मी स्वतः त्यातून ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीतरी चुका सुधारल्या. (माझे जुने लेख वाचणारे म्हणतील, कुठे सुधारल्या!)

एक तक्रारही नोंदवून ठेवते. राधाचं घर हे पांढरपेशा, नीटनेटकं घर आहे. आमच्या चाळीतल्या, रुळांलगतच्या वस्तीतल्या पोराला त्यात स्वतःचं घर दिसेल का, हा प्रश्न मला पडतोच. वनस्थळीच्या बालवाडीतल्या मुलाचं घरही तसं नसणार. पण मग वाटतं, एका बाईनं सगळ्यांची घरं काढायची का? तिनं आपल्याला माहीत असलेलं घर प्रामाणिकपणे काढलं आणि घर काढता येतं हे दाखवलं. बाकीची घरं ज्यांना माहीत आहेत त्यांनी काढावीत.

साहित्य अकादमीनं २०१४ साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला, आणि टाटा ट्रस्टचा 'बिग लिटल बुक' पुरस्कार २०१६ साली पहिल्यांदाच दिला गेला तोही त्यांना. ही बातमी मी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती, ती त्याच गठ्ठ्यात सापडली. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या फेब्रुवारीत, साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत भरलं. सावळाराम महाराज क्रीडासंकुलात मांडव पडला होता. भाषणं मी फारशी ऐकली नाहीत, खरं सांगते. मी पुस्तकांच्या गाळ्यांत होते. एका गाळ्यावर एक आजोबा 'वाचू आनंदे' चाळत विक्रेत्याला विचारत होते, "नातवाला मराठी वाचता येत नाही, हे चालेल का?" विक्रेता म्हणाला, "तुम्ही वाचून दाखवा." आजोबा थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "तो फोनवर असतो हो.. म्हणजे, अमेरिकेत." त्या दिवशी मी 'लिहावे नेटके' घेतलं. घरात मूल तेव्हाही नव्हतं.

आता आहे. म्हणजे घरात नाही, म्युनिकला आहे. नात पाच वर्षांची. मराठी, जर्मन आणि इंग्रजी यांची छान भेळ बोलते. 'प्रथम बुक्स'नं २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' नावाची साइट सुरू केली, तिथे शेकडो गोष्टी फुकट वाचता येतात. बाबांच्या मिशांवर जीव असलेल्या अनूची माधुरीताईंची गोष्ट मुलाला तिथेच सापडली. चित्रं त्यात दुसऱ्या चित्रकाराची आहेत. मुलानं ती लेकीला वाचून दाखवली, आणि उत्साहानं मला व्हिडिओ कॉल केला, "आई, ही रायटर तुला माहितीये का? मस्त आहे!" त्यानं ती इंग्रजीत वाचली होती. मी म्हटलं, "हो, माहितीये." आणखी काय म्हणणार?

कारण मंडळी, तुम्ही सगळे, आत्या, वहिनी, ठाण्याचे काका, ब्लॉगवाल्या मैत्रिणी, हे वाचता. माझा मुलगा वाचत नाही. त्याला येत नाही. पाट्या वाचतो, अक्षराला अक्षर लावत. पण पानभर मराठी वाचायचं म्हणजे त्याला धाप लागते. माझं लिहिलेलं सूनबाई त्याला रविवारी वाचून दाखवते. ती नागपूरच्या मराठी शाळेत शिकलेली. तो ऐकतो, हसतो, कधी फोन करून म्हणतो, "तू हे माझ्याबद्दल का लिहिलंस?"

गेल्या आठवड्यात मी नातीला कॅमेऱ्यापुढे 'चित्रवाचन'ची पानं धरून दाखवली. अर्धा तास चालला तो कार्यक्रम. माझा हात भरून आला. मध्येच ती उठून गेली आणि टॅब हातात घेऊन आपल्याच घरातून फिरायला लागली. "आजी, हे माझं किचन आहे. हा माझा बाबा आहे, तो भांडी घासतो. हे.. हे काय म्हणतात?" ते काय होतं ते मला दिसेना, सगळं हलत होतं. मी म्हटलं, नीट धर, मग सांगते.

पुस्तकं आता पोस्टानं पाठवतेय. वजन करून पाहिलं, सहा किलो भरलं. पार्सलचा खर्च ऐकून हे म्हणाले, तेवढ्यात नवीन संच येईल. येईल, पण हाच जायला हवा. 'राधाचं घर', 'यश', 'चित्रवाचन' आणि 'वाचू आनंदे'चे चार भाग नातीला. सगळ्यांत खाली 'लिहावे नेटके' ठेवलंय. ते कुणासाठी, हे चिठ्ठीत लिहिलेलं नाही. चिठ्ठी मराठीतच आहे, मोठ्या अक्षरात, सुटी सुटी.

सूनबाई, हे वाचशील तेव्हा शेवटचा परिच्छेद त्याला वाचून दाखवू नकोस. पार्सल पोचेपर्यंत तरी.